‘ताप काय, कुठलाही डॉक्टर बघतो!’

पत्राचा सारांश: पत्रलेखिका मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एमडी मेडिसिनच्या तिसऱ्या वर्षाला आहेत. कोविडच्या दुसऱ्या लाटेत त्या इंटर्न होत्या आणि तेव्हापासून संसर्गजन्य रोगांत, म्हणजे रेसिडेंट मंडळींच्या भाषेत ‘आयडी’त, डीएम, म्हणजे एमडीनंतरची सुपरस्पेशालिटीची पदवी, करायचं त्यांच्या मनात आहे. वडिलांचं तालुक्याच्या गावी पंचवीस खाटांचं रुग्णालय आहे. ‘कार्डिऑलॉजी करून ये, आपण कॅथलॅब (अँजिओप्लास्टीची यंत्रणा) टाकू. ताप काय, कुठलाही डॉक्टर बघतो,’ असं त्यांचं म्हणणं. सीनिअर सांगतात, ‘आयडीत प्रोसिजर नाही, स्वतःचे पेशंट नाहीत. दुसऱ्यांच्या वॉर्डात जाऊन अँटिबायोटिक लिहून द्यायचं. रँक वाया घालवू नकोस.’ होणारा नवरा भूलतज्ज्ञ आहे आणि त्याला पुण्यात स्थिरावायचं आहे. आयडी करावं का, करायचं तर भारतात की यूकेला जाऊन, आणि करून गावी परतता येईल का, हे त्यांचे प्रश्न आहेत.

प्रिय डॉक्टर,

वडिलांचं तापाबद्दलचं वाक्य तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय. ते तुम्हाला लागलंय हे दिसतं. पण ते निम्मं खरं आहे. ताप खरोखरच कुठलाही डॉक्टर बघतो, आणि या विषयाची गरज नेमकी तिथूनच सुरू होते.

गावाकडून पाचव्या दिवशी तुमच्या वॉर्डात येणाऱ्या तापाच्या पेशंटचे कागद आठवा. दुसऱ्याच दिवशी केलेली विडाल (टायफॉइडची रक्ततपासणी), ‘पॉझिटिव्ह’. आधी सेफिक्झिम, मग जोडीला अझिथ्रोमायसिन, मग सलाइनसोबत सेफ्ट्रिॲक्झोन. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, कुणीही पाठवलेलं नाही, आणि आता पाठवलं तरी आधीच्या औषधांमुळे त्यात काही उगवण्याची आशा कमी. पहिल्या आठवड्यातल्या एकट्या विडालवर टायफॉइड ठरवू नये, हे एमबीबीएसलाच शिकवतात. तरी महाराष्ट्रभर रोज तेच होतं. का? डॉक्टरला ठाऊक नसतं म्हणून क्वचितच. विडाल स्वस्त असते, लगेच मिळते आणि नातेवाइकांच्या हातात एक नाव देते, म्हणून.

तोच पेशंट पावसाळा सरताना आलेला, शेतात किंवा झाडोऱ्यात वावरणारा असेल, तर त्याला स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किडा चावून होणारा ताप, असू शकतो. 2018 साली नागपूर आणि विदर्भाने तो चांगलाच अनुभवला. काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली एक काळी खपली असते. कपडे बाजूला करून पाहिल्याखेरीज ती सापडत नाही. पाठीवर स्टेथोस्कोप लावून पुढे गेलं की ती राहूनच जाते. सेफ्ट्रिॲक्झोनचा त्या जंतूवर काही उपयोग नाही. काही रुपयांच्या डॉक्सिसायक्लिनने मात्र बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. कोकणात हाच ताप लेप्टो निघेल. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात 2016 पासून माकडतापाचाही विचार करावा लागतो, गोव्याच्या सत्तरीत त्याच्याही आधीपासून. तेव्हा ताप बघायला कुणी आहे का, एवढ्यावर थांबू नका. तो नीट शोधायचा कसा, आणि बाकीच्या दहा डॉक्टरांना ते शिकवणार कोण, हे विचारा.

वडिलांचं गृहीतक झालं. आता तुमचं.

दुसरी लाट आणि ऑक्सिजनच्या रांगांबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते वाचून कुणाच्याही पोटात कालवेल. पण त्या दोन महिन्यांवर पुढची तीस वर्षं ठरवू नका. साथ रोज नसते. आयडीवाल्याचा मंगळवार साधारण असा जातो. ऑर्थोकडून कॉल: मांडीच्या हाडात प्लेट घातलेल्या पेशंटच्या जखमेतून तीन आठवडे पू येतोय, चार अँटिबायोटिकं झाली, ‘आणखी वरचं काही सुचवा’. तुम्ही सुचवता की आधी जखम पुन्हा उघडून साफ करा, खोलवरचे नमुने कल्चरला द्या, आणि पेशंट सेप्टिक (संसर्गाने गंभीर) नसेल तर तोवर अँटिबायोटिक थांबवा. सर्जनला हे आवडत नाही. मग युरॉलॉजी: लघवीत जंतू, तक्रार काहीच नाही. पेशंट गरोदर नाही, पुढे युरॉलॉजीची प्रोसिजरही ठरलेली नाही. उत्तर: काही देऊ नका. मग आयसीयू: कोलिस्टिन हे राखीव अँटिबायोटिक सुरू आहे, का ते फाइलवर कुठेच नाही. दुपारी एआरटी सेंटरची, म्हणजे एचआयव्हीच्या उपचारांची, ओपीडी. संध्याकाळी हँडवॉशच्या ऑडिटची मीटिंग, जिला निम्मे लोक येत नाहीत.

म्हणजे या कामात औषध लिहिण्यापेक्षा थांबवणं जास्त. तेही दुसऱ्याच्या पेशंटवरचं, वयाने आणि मानाने मोठ्या माणसाने लिहिलेलं औषध. सीनिअर म्हणाले ते वर्णन म्हणून चूक नाही. दुसऱ्यांच्या वॉर्डात जावंच लागतं. तिथे जाऊन नुसतं अँटिबायोटिक लिहून द्यायचं असतं, हे मात्र त्यांचं चुकलं. ब्लड कल्चरमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सापडला, तर आयडीचा सल्ला घेतलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी असतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलंय. त्यात जादू काही नाही. कुणीतरी पुन्हा कल्चर पाठवतं, इको करून हृदयाच्या झडपा बघतं, पू कुठे साठलाय ते शोधतं, आणि ताप उतरला म्हणून पाचव्या दिवशी इंजेक्शन बंद होऊ देत नाही. चिकाटीचं काम आहे. नाव मात्र बहुतेक वेळा सर्जनचं होतं. मला सोसेल की नाही हे रात्री शांतपणे स्वतःला विचारावं, अशी गोष्ट हीच आहे. रँकबिंक नंतर.

पैशाबद्दल पत्रात तुम्ही एकच ओळ लिहिलीय, तीही संकोचून. संकोच कशाला? आयडीत कार्डिऑलॉजीइतकं उत्पन्न होणार नाही. अँजिओप्लास्टीसारखं काही तुमच्या हातात नसतं. अमेरिकेतही हीच रड आहे. तिथे मेडिसिनची तीन वर्षं झाल्यावर आयडीला आणखी दोन द्यायची आणि शेवटी नुसत्या जनरल फिजिशियनपेक्षा कमी कमवायचं, अशी पाळी अनेकांवर येते. 2022 च्या मॅचमध्ये (तिथल्या जागावाटपात), म्हणजे कोविडने हा विषय घराघरात नेल्यानंतरही, तिथल्या जवळपास निम्म्या आयडी प्रोग्रॅमांच्या सगळ्या जागा भरल्या नाहीत.

आपल्याकडे चित्र थोडं वेगळं आहे, कारण ही माणसं मुळात कमी आहेत. एनएबीएच हे दर्जाचं मानांकन हवं असेल तर रुग्णालयाला संसर्ग नियंत्रणाची आणि अँटिबायोटिक धोरणाची व्यवस्था दाखवावी लागते. शिवाय प्रत्यारोपण, कॅन्सर, मोठा आयसीयू चालवणाऱ्यांना जंतूंची भीती आता खरोखर बसलीय. बहुतेक अँटिबायोटिकांना निकामी करणाऱ्या एनडीएम-1 चं प्रकरण 2010 मध्ये गाजलं, 2012 मध्ये चेन्नईत डॉक्टरांच्या संघटनांनी एकत्र येऊन प्रतिजैविकांबद्दलचा आराखडा मांडला, 2014 पासून काही अँटिबायोटिकांच्या विक्रीची नोंद सक्तीची करणारं शेड्यूल एच-1 लागू झालं. कागदावर बरंच झालं. वॉर्डात ते राबवायला माणूस लागतो. पुण्या-मुंबईत एका मोठ्या रुग्णालयात पगारी किंवा ठरावीक मानधनाची जागा, दोन-तीन ठिकाणी व्हिजिट, प्रौढांच्या लसीकरणाची ओपीडी, असं जुळवून नीट जगता येतं. गाडी-बंगला नवव्या वर्षी येण्याऐवजी पंधराव्या वर्षी येईल. होणाऱ्या नवऱ्याशी हे लग्नाआधी बोला, आकडे मांडून. तो भूलतज्ज्ञ आहे, कुठल्या शाखेच्या डॉक्टरला किती मिळतं हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल!

आता शिक्षण. भारतात आयडीचं डीएम कार्डिऑलॉजीच्या मानाने अगदी अलीकडचं आहे. त्याआधी हे काम करणारे बहुतेक जण परदेशात शिकून आलेले, नाहीतर मेडिसिन किंवा मायक्रोबायोलॉजी करून स्वतःच्या हिमतीवर इकडे वळलेले. आज दिल्लीचं एम्स, चंडीगडचं पीजीआय, वेल्लोरचं सीएमसी अशा ठिकाणी तीन वर्षांचं डीएम आहे. एम्स आणि पीजीआयच्या जागा राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांच्या आयएनआय-एसएस परीक्षेतून जातात, वेल्लोरच्या देशभराच्या नीट-एसएस परीक्षेतून. फॉर्म वेगळे, तारखा वेगळ्या. नीट-एसएसच्या अभ्यासात आयएनआयची तारीख निसटली, असं होऊ देऊ नका. नॅशनल बोर्डाच्या मार्गाने काही मोठ्या खासगी रुग्णालयांतही प्रशिक्षण आहे. त्या-त्या वर्षीची जागांची यादी स्वतः उघडून बघा, ग्रुपवरच्या फॉरवर्डवर जाऊ नका.

यादी हाती आली की लोक आधी संस्थेचं नाव बघतात. मी आधी त्या संस्थेची लॅब बघेन. आयडीवाल्याचे डोळे मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये असतात. ब्लड कल्चरचं यंत्र आहे का, ते चोवीस तास चालतं का, बुरशीची ओळख जातीपर्यंत पटते का, ग्रॅम स्टेनचा (जंतूंच्या पहिल्या झटपट तपासणीचा) निकाल लॅबवाले स्वतः फोन करून कळवतात की दुसऱ्या दिवशी दुपारी छापील रिपोर्ट येतो? डीएमच्या मुलांना तीन-चार महिने लॅबच्या बाकावर बसवतात की नुसती भेट घडवून आणतात? कल्चरची प्लेट स्वतः वाचलेला डॉक्टर रिपोर्टमधल्या ‘आर’ (जंतू औषधाला जुमानत नाही) आणि ‘एस’ (जुमानतो) या अक्षरांवर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही.

दुसरं, पेशंट कुठले येतात. सरकारी ठिकाणी एचआयव्ही, औषधांना न जुमानणारा टीबी, मलेरिया, धनुर्वात भरपूर. प्रत्यारोपणानंतरचे संसर्ग कमी. कॉर्पोरेटमध्ये बरोबर उलटं. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीने) दोघांच्याही त्रुटी उघड्या पाडल्या. एकीकडे त्यावरचं अँफोटेरिसिन हे औषध मिळेना, दुसरीकडे इतके पेशंट एकदम कुणी पाहिलेलेच नव्हते. तेव्हा जिथे जे कमी आहे त्यासाठी बाहेर पोस्टिंग देतात का, हे विचारून घ्या. तिसरं म्हणजे शिकवणारे किती. एकाच कन्सल्टंटच्या भरवशावर चालणारा विभाग त्या कन्सल्टंटने नोकरी सोडली की उघड्यावर पडतो. नव्या विषयांत हा धोका जास्त.

यूकेबद्दल तुमच्या मनात जरा धुकं आहे असं वाटलं. तिथे नुसती आयडी सहसा कुणी करत नाही. ती जनरल मेडिसिनबरोबर किंवा मायक्रोबायोलॉजी-व्हायरॉलॉजीबरोबर जोडून करतात, आणि सुरुवातीची दोन वर्षं सगळ्यांना समान असतात. कल्पना उत्तम आहे. मला विचाराल तर आपल्याकडेही क्लिनिकल आणि लॅब यांच्यामधली भिंत अशीच पाडायला हवी, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. मुद्दा असा की तिथवर पोचायला आधी एमआरसीपी ही तिथली फिजिशियनची परीक्षा, मग तिथल्या मेडिसिन प्रशिक्षणाची वर्षं किंवा त्याला समकक्ष अनुभवाचे पुरावे, मग स्पर्धा, मग चार-पाच वर्षं. म्हणजे आजपासून आठ-दहा वर्षांचा हिशेब. तिथेच राहायचं असेल तर जरूर जा. परत यायचं असेल तर इतका वळसा घेऊ नका. इथे डीएम करून लिव्हरपूल किंवा लंडनचा तीन महिन्यांचा उष्णकटिबंधीय रोगांचा डिप्लोमा करता येतो. गंमत अशी की तिथे वर्गात जे दाखवतात त्यातलं पुष्कळसं तुमच्या वॉर्डात आत्ता झोपलेलं आहे.

डीएम हा एकच दरवाजा आहे, हे तुमचं आणखी एक गृहीतक. तसं नाही. मेडिसिनचा फिजिशियन राहून, एखाद्या चांगल्या केंद्रात वर्षभराची फेलोशिप करून, जिल्ह्याच्या ठिकाणी तापाचा आणि टीबी-एचआयव्हीचा भरवशाचा डॉक्टर होता येतं. ज्यांना घरच्या जबाबदाऱ्यांमुळे तीन वर्षं बाहेर राहता येत नाही, मूल लहान आहे, कर्ज आहे, त्यांनी हा मार्ग कमीपणाचा मानू नये. डीएमशिवाय मोठ्या शहरात विभागप्रमुख होणं किंवा अध्यापनात वर जाणं अवघड, एवढं मात्र खरं. तुमच्या बाबतीत? वय, वेळ, आवड सगळं आहे. मी डीएमच म्हणेन. पण एका अटीवर. ठरवण्याआधी आयडीचा विभाग चालू असलेल्या ठिकाणी निदान पंधरा दिवस निरीक्षक म्हणून जा. परीक्षेआधी शक्य नसेल तर परीक्षा आणि कौन्सेलिंग यांच्यामधल्या काळात जा. कन्सल्टंटच्या मागे फिरा आणि त्यांचा सल्ला किती वेळा ऐकला जातो ते मोजा. न ऐकलेल्या सल्ल्यानंतर त्या माणसाचा चेहरा कसा असतो, तेही बघा. तिसऱ्या दिवशीच कंटाळा आला तर कार्डिऑलॉजीत तुमचं चांगलं चालेल आणि त्यात अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही.

‘रँक वाया’ या शब्दांचा मला खरंच कंटाळा आलाय. चांगल्या रँकमुळे निवडीला जास्त वाव मिळतो, तिचं काम तिथे संपतं. न आवडणारी पण मानाची जागा घेऊन सहा महिन्यांत सोडणारे दरवर्षी असतात. ते सीट सोडण्याचा दंड भरतात, काही ठिकाणी पुढच्या परीक्षेलाही मुकतात. वाया जाणं म्हणायचं तर ते. तुमची एमडीनंतरची वर्षभराची सक्तीची सरकारी बॉण्ड सेवाही हिशेबात धरा. सुपरस्पेशालिटीची जागा मिळाली तर ती पुढे ढकलता येते का, नव्या संस्थेचा स्वतंत्र बॉण्ड आहे का, आणि तो दुसऱ्या राज्यात असेल तर दोन्ही कसे पार पाडायचे, हे कॉलेजच्या कार्यालयातून लेखी घ्या. तोंडी उत्तरावर राहू नका.

गावी परतण्याचं काय? पंचवीस खाटांच्या एका रुग्णालयावर आयडीवाल्याचं पोट भरणार नाही, हे वडिलांना प्रामाणिकपणे सांगा. कॅथलॅबचंही तसंच नाही का, हेही विचारून बघा. यंत्राचा हप्ता, टेक्निशियन, रात्री-अपरात्री लागणारी सर्जरीची पाठराखण, हे तालुक्याच्या गावी किती जणांना जमलं? त्यांनी ते स्वप्न पाहिलंय, आकडेमोड बहुधा केलेली नाही. यातून निघणारा मार्ग मधला असू शकतो. पुण्यात किंवा संभाजीनगरला मुख्य काम, गावी आठवड्यातून एक ओपीडी, आणि बाकीचे दिवस वडिलांच्या रुग्णालयाला फोनवर आधार. तालुक्यातल्या दहा डॉक्टरांना अडलं की फोन करायला हक्काचं माणूस मिळालं तर तेही चालतं-बोलतं काम आहे. त्याचे पैसे कसे घ्यायचे हे मात्र पहिल्या दिवसापासून ठरवा, नाहीतर जन्मभर फुकट सल्ला द्याल.

आणि डीएम होईपर्यंत थांबायचं कशाला? दिवाळीला घरी जाल तेव्हा एक करून बघा. वडिलांच्या रुग्णालयात अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन देण्याआधी दोन वेगवेगळ्या जागांहून रक्त काढायचं, मोठ्या माणसात प्रत्येकी साधारण वीस मिलिलिटर दोन बाटल्यांत विभागून, आणि त्या बाटल्या जिल्ह्याच्या लॅबला पाठवायच्या. सेप्टिक शॉकमध्ये मात्र यापायी इंजेक्शन लांबवायचं नाही. बाटल्या गार ठेवायच्या नाहीत, फ्रीज तर नाहीच. खर्च कोण देणार यावर पहिल्याच दिवशी वाद होईल. सगळ्यांचं करू नका, तीन दिवसांच्या वर ताप आणि दाखल करण्याइतका आजार असलेल्यांचंच करा. वर्षभरात जे उगवेल आणि जे उगवणार नाही त्याची वही ठेवा. वडील जुने डॉक्टर आहेत, तुमच्या भाषणापेक्षा त्या वहीवर त्यांचा विश्वास बसेल. न बसला तरी डीएमच्या प्रबंधासाठी विषय सुचेल.

कौन्सेलिंगमध्ये पसंतीक्रम भरण्याआधी प्रत्येक ठिकाणच्या आत्ताच्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला फोन करा. पहिल्या वर्षाचा थकलेला असतो, तिसऱ्याचा बाहेर पडायच्या तयारीत. त्याला स्टायपेंड आणि रजा विचाराच, त्याशिवाय हेही विचारा: गेल्या महिन्यात किती नवे कॉल आले, त्यातले किती स्वतः बघितले, सर्जरीवाले आपणहून बोलावतात की प्रशासनाने सक्ती केली म्हणून, आणि रात्री दोन वाजता कल्चर पॉझिटिव्ह आलं तर लॅबचा फोन कुणाला जातो. शेवटच्या प्रश्नाला ‘बघावं लागेल’ असं उत्तर आलं, तर ती जागा यादीत खाली टाका.